मोराच्या मानेवरचा कापूस

पाळण्याच्या फळीवर, जिथे मोराची मान वळून छातीत उतरते, तिथे कापसाचा एक तंतू अडकून राहिला होता. सकाळच्या तिरप्या उजेडात तो क्षणभर पेटला, क्षणभर विझला. मारोतरावांनी तो चिमटीत धरून खिशातल्या काडेपेटीत ठेवला. काडेपेटीत असे चार तंतू आधीच होते.

मालेगावात, वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, पत्र्याच्या छपराखाली मारोतराव आणि रऊफ मिस्त्री एकतीस वर्षे एकत्र काम करत आले होते. कामाची वाटणी पहिल्या दिवशी ठरली ती पुढे बदलली नाही. कापायचे मारोतरावांनी, घासायचे रऊफने. आकार एकाने द्यायचा आणि त्या आकारातला राग दुसऱ्याने काढून घ्यायचा. आतल्या गोलाईत रंधा जात नाही. म्हणून रऊफ पॉलिश पेपर कधी लाटण्याला, कधी तुराटीच्या तुकड्याला गुंडाळी आणि दुपार दुपार घाशी. मग डोळे मिटून बोटाचे टोक वळणावरून फिरवी.

दोघांचे उस्ताद एकच होते आणि त्यांचे एक वाक्य होते : कापूस शिकाऊचा, बोट मिस्त्रीचे. नवख्याने कापसाचा पुंजका लाकडावरून ओढून पाहायचा. जिथे कुसळ उरले असेल तिथे तंतू अडकतो. ज्याचे बोट बोलू लागले त्याने कापूस टाकून द्यायचा. रऊफने तो एकोणिसाव्या वर्षी टाकला होता.

आता तो पुन्हा कापूस ओढत होता. चोरून, मारोतराव जेवायला घरी गेले की. त्याचा अर्थ एकच होता, आणि तो मोठ्याने उच्चारण्याची मारोतरावांची छाती होत नव्हती.

पाळणा धान्याचे व्यापारी शांतीलाल यांच्या घरचा होता. त्यांच्या सुनेला, त्रिशलाला, मुलगी झाली होती. सव्वा महिन्याने नाव ठेवायचे होते. अठरा दिवस उरले होते.

"मशीन घेऊ आपण," मारोतराव म्हणाले. "गोलाई घासाची. स्पिंडल सँडर म्हनते तिले. वाशीमले अशफाकच्या दुकानात हाय."

रऊफने हात थांबवला नाही. "काहून? मी मेलो काय?"

"तसं नाई रे."

"मंग कसं? तुह्या हाताले कापाची जिगसॉ लागली, मी बोललो काय? माह्या हाताले कायले मशीन?"

"म्हातारे झालो बाप्पा आपण."

"तू झाला. माह्या नावानं कायले म्हातारा होतं?"

तरीही दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो मारोतरावांच्या शेजारी बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत सागवानाचा वाकडा कापलेला तुकडा. आपली जागा घेणारी वस्तू निदान आपण पारखावी, असे काहीसे त्याच्या घट्ट मिटलेल्या ओठांवर होते.

अशफाकने उत्साहाने सर्वांत मोठे यंत्र पुढे ओढले. लोखंडी मेजाच्या मधोमध उभा दांडा, दांड्यावर रबरी ड्रम, ड्रमवर पॉलिश पेपरची नळी चढवलेली. "चाचा, हे घ्या. मोठी मोटर. तुमच्या नातवाईले पुरंन."

"नातवाईचं नातू पाह्यतीन. चालू कर."

रऊफने तुकडा ड्रमला टेकवला, कान खाली नेला आणि लगेच तुकडा उचलून उजेडात धरला. "हे एकाच जागी नाचते. कागदाचा एकच पट्टा झिजंन, लाकडावर आडव्या रेघा पडतीन. पाळणा करून राह्यलो बाबू, वही नाई."

दुसरे यंत्र लहान होते. त्याचा दांडा गरगर फिरता फिरता संथपणे वर येई, खाली जाई. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा. रऊफ बराच वेळ ऐकत उभा राहिला. तुकडा टेकवून उचलला, तर लाकडावर एकही रेघ नव्हती.

"हे," तो म्हणाला, आणि त्या एका अक्षरात त्याची इच्छा नसतानाही कौतुक होते.

"ड्रमच्या भवताल फट हाय," मारोतराव मेजावर वाकले. "बोट गेलं म्हंजे?"

अशफाकने लहानमोठ्या कड्या काढून दाखवल्या. जेवढा ड्रम तेवढी कडी बसवायची, की फट केसाएवढी उरते. मारोतरावांनी कडी बसवून पाहिली, काढली, पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा अशफाक हसला. "काका, मशीन चालवनार चाचा अन् भेव तुमाले?"

रऊफ हसला नाही. परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेरच्या तुरीकडे पाहत राहिला.

यंत्र बसले. मारोतरावांनी रद्दी लाकडाचा तुकडा पुढे केला.

"रद्दीवर शिकाऊ शिकते," रऊफ म्हणाला आणि पाळण्याची फळी उचलली.

एकतीस वर्षे त्या हाताने एकच गोष्ट मुरवली होती : दाबणे. लाकूड दाबल्याशिवाय ऐकत नाही, हे त्या हाताचे सारे तत्त्वज्ञान. रऊफने मोराची मान ड्रमवर दाबली. मोटरचा आवाज जड झाला, घोगरा झाला. धुराची बारीक वेटोळी उठली, जळक्या सागवानाचा कडवट वास पत्र्याखाली भरला. तो दाबतच होता. मारोतरावांनी झेप घेऊन बटण बंद केले तेव्हा मानेत अंगठा बसेल एवढा काळपट खड्डा पडला होता आणि लाकडावर लाल ठिपका होता.

"बोट पाह्य तुहं."

रऊफने पाहिले. उजव्या तर्जनीचे टोक सोलून निघाले होते. त्या रक्ताकडे तो परक्याच्या अंगणात सांडलेल्या पाण्याकडे पाहावे तसा पाहत राहिला.

"दुखलं नाई?"

रऊफने अंगावरचा भुसा झटकला. "मी जातो घरी. दुसरा मानूस पाह्य तू."

मारोतरावांनी काडेपेटी उघडून त्याच्यासमोर धरली. आत पाच पांढरे तंतू.

"कधीपासून ठाव होतं तुले?"

"पंधरा दिवस झाले."

"अन् मले मशीनचं सांगत बसला, म्हातारे झालो म्हून!"

"तू तरी कुठी सांगतलं लेका?"

रऊफ लाकडाच्या ढिगावर बसला. "शुगर हाय. डाक्टर म्हने टोकं सुन्न पडली. चहाचा गिलास धरतो, गरम हाय का गार, ओठाले लागल्यावर समजते." त्याने सोललेले बोट पुढे केले. "बोट गेलं तं मिस्त्री कायचा राह्यलो मी?"

मारोतरावांनी त्या बोटावर हळद दाबून चिंधी बांधली. आणि ते कामाला लागले. एका पाटाला धरायला दोन मुठी ठोकल्या. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक ठेवून पाटावर शिकंज्यांच्या लोखंडी पकडीत आवळल्या. खड्ड्याच्या तळातून जाणारी नवी रेघ पेन्सिलने ओढली आणि जिगसॉने रेघेच्या किंचित बाहेरून दोन्ही फळ्या एकदम कापल्या.

"आता मुठी धर. बोटं ड्रमपासून हातभर दूर. दुकानात मशीन कशी पारखली तू?"

"कानानं."

"मंग?"

रऊफने मुठी धरल्या. ड्रम ज्या बाजूला फिरतो त्याच्या उलट दिशेने पाट सरकवला. आवाज जड झाला की हात सैल, हलका झाला की पुढे. पहिल्या दिवशी आवाज पुष्कळदा बिघडला. चौथ्या दिवशी मोटर दुपारभर एकाच सुरात बोलत राहिली आणि मोराची मान त्या सुरातून हळूहळू वर येत गेली.

नाव ठेवायला दोन दिवस असताना भागिरथीबाई आल्या, शांतीलालांच्या पत्नी. पाळणा जोडून उभा होता. त्यांनी भोवती एक फेरी मारली.

"मिस्त्री, मोर वाळले काय हो? माझा पुनीत झाला तेव्हाचे चांगले गलेलठ्ठ होते."

"चुकलं होतं बाई," रऊफ म्हणाला. "दाबलं जास्त. मंग दोनी सारखे केले."

"बरे दिसतात. वयात आल्यासारखे." त्या हसल्या. "बोट फिरवून सांगा बरं, तयार झाला का. पुनीतच्या पाळण्यावर फिरवलं होतं तसं."

मारोतरावांनी मान खाली घातली.

रऊफने खिशातून कापसाचा पुंजका काढला.

"बोट आता नाई सांगत, बाई. हे सांगते."

आणि त्याने तो उघडपणे, भर उजेडात, मोराच्या चोचीपासून ओढत नेला. पहिल्या मोरावरून कापूस जसाच्या तसा परत आला. दुसऱ्याच्या मानेखाली मात्र एक तंतू मागे राहिला, थरथरत.

"उद्या या," रऊफ म्हणाला. "अजून झाला नाई."

भागिरथीबाईंनी तंतूकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "उद्या येते," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मारोतरावांनी सवयीने तंतू उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," रऊफ म्हणाला. "कुठी घासाचं त्याची निशानी हाय ते. तू फळी खोल अन् शिकंजे आन."

आणि तो यंत्रावर कडी बसवायला वळला.