लोंढ्याच्या कावळ्याचा कोट

मी एक जुना काळा कोट आहे. जाड बनातीचा, पितळी बटणांचा. बेळगुंदी गावात मनुबाईच्या घरी खुंटीला टांगलेला असतो. कसरीनं माझी कॉलर खाल्ली आहे, अस्तराच्या चिंध्या झाल्या आहेत. घरातली मुलं मला भितात, कारण तिन्हीसांजेला मी कुणी माणूस उभा असावा तसा दिसतो. पण मित्रांनो, माझा जन्म कुणाला भिववायला झाला नव्हता. हसवायलाही झाला नव्हता. ते काम नंतर माझ्या गळ्यात पडलं.

बेळगावच्या कॅम्पात एका शिंप्यानं मला शिवलं आणि मी लोंढ्याच्या गाडीवरच्या गार्डाच्या अंगावर चढलो. काय तो थाट होता! माझी बाही वर झाली की आगगाडी हलायची. खानापूरच्या फलाटावर भले भले लोक मला बाजूला होऊन वाट देत. मी शिस्तीचा कोट होतो. बाष्कळपणा मला मुळीच खपत नसे.

पुढं माझी कोपरं विरली. गार्डानं मला जुन्या बाजारात विकलं आणि नागोजीनं उचललं. नागोजी बहुरूपी होता. आज फौजदार, उद्या वैद्य, परवा साधू, अशी सोंगं आणून दारोदार हिंडायचं आणि पसाभर धान्य मागायचं, हा त्याच्या घराण्याचा धंदा. त्यानं मला अंगात घातलं आणि तो फौजदार झाला.

"कोंबडा कुणाचा हाय ह्यो?" तो दारात उभा राहून गरजायचा. "सरकारचा हुकूम यायच्या आधी आरवलाय. आता उजाडल्याचा दंड भरा." नाहीतर म्हणायचा, "खानापूरचा वारा बिनतिकिटाचा धरलाय. साक्षीला कोण येतंय?" माणसं पोट धरून हसत आणि सूपभर धान्य ओतत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुठं आगगाडी आणि कुठं हा कोंबडा! पण पदरी पडलं आणि पवित्र झालं, म्हणून मी गप्प राहिलो.

मग एकोणीसशे अठरा साल उजाडलं आणि मानमोडीच्या तापाची साथ आली. सकाळी ताप भरलेलं माणूस दुसऱ्या दिवशी दिसायचं नाही. जंगलाच्या कडेला गाव, सरणाच्या लाकडाला तोटा नव्हता, पण खांदा द्यायला माणसं मिळेनात. नागोजीची बायको गेली, पाठोपाठ मुलगा गेला. तरी त्यानं मला अंगावर चढवलं आणि तो गावोगाव हिंडू लागला. धान्यासाठी नव्हे. त्याला घरात बसवत नव्हतं. बंद दारांपुढं तो दंड मागायचा, मोकाट गुरांना नावं विचारायचा. कुणी हसत नसे. मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

असाच तो एका दुपारी बेळगुंदीत गुणाबाईच्या दारात आला. गुणाबाईचा एकुलता एक मुलगा गुंडू साथीत गेला होता. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. तिच्या मांडीवर गुंडूची तान्ही मुलगी रडत होती, म्हणजे रडायचा प्रयत्न करत होती. आवाज फुटत नव्हता.

"आज न्हाय रं नागोजी," ती म्हणाली. "सोंगाची वेळ न्हाय ही."

मग तिनंच सगळं सांगितलं. दहाव्याला ओढ्याकाठी गुंडूचा पिंड ठेवला, पण कावळा शिवला नाही. पिंडाला कावळा शिवला नाही, तर मेलेल्याची काही इच्छा राहिली असं आपल्याकडं मानतात. गुंडूच्या बायकोनं, जयाबाईनं, हात जोडून सगळी वचनं दिली. पोरीला सांभाळीन, सासूला अंतर देणार नाही, बैल विकणार नाही. कावळा जवळ येईना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि कार्य उरकलं. जयाबाईला ते पटलं नाही. गवताला काय कळतंय, म्हणाली. तेव्हापासून ती रोज घरामागच्या परड्यातल्या दगडावर भाताचा गोळा ठेवायची आणि समोर बसून राहायची. कावळा शिवल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नव्हता. अंगावरचं दूध आटलं होतं.

"पोर जातंय बघ," गुणाबाई म्हणाली. "आनि हिला कोन सांगनार?"

कावळे का येत नव्हते, ते मला दिसत होतं. त्या वर्षी ओढ्याचा काठ पिंडांनी भरला होता. कावळे खाऊन खाऊन सुस्तावले होते. पण कोटाचं कोण ऐकतं?

नागोजी परड्यात गेला. जयाबाई दगडासमोर बसली होती, डोळे खोल गेलेले. नागोजीनं फौजदारी आवाज काढला. "कावळ्यावर वॉरंट काडलंय. कामावर गैरहजर ऱ्हायला."

जयाबाईनं मान वळवली नाही. "जावा अण्णा," एवढंच म्हणाली.

नागोजी खाली बसला. त्याच्याजवळ दुसरी विद्या नव्हती. सोंग संपलं की तो नुसता एक बायको-मुलगा गेलेला माणूस होता, आणि तसल्या माणसांना गावात तोटा नव्हता. घरात पोरीचं कण्हणं थांबत चाललं होतं.

मग त्यानं बाह्यांतून हात काढले. मला खांद्यावर पांघरलं, दोन्ही टोकं धरली आणि पसरली. आणि तो ओरडला, "काव."

गुणाबाई धावत आली. "आरं काय करतोस? मेल्याचं अन्न हाय ते."

नागोजी उड्या मारत दगडाजवळ गेला. मी दोन्ही बाजूंना फडफडत होतो. लाज मला सोडून गेली होती. तो वाकला आणि हात न लावता, तोंडानं, पिंडाचा घास घेतला.

जयाबाई उठून उभी राहिली. आता ती दगड उचलणार असं मला वाटलं.

"कोन तू?" तिनं विचारलं.

"कावळा."

"कुठला?"

"लोंढ्याचा. गाडी चुकली, म्हनून उशीर झाला."

ती एक पाऊल पुढं आली. मग अगदी हळू म्हणाली, "त्येनी काय सांगिटलं?"

नागोजीच्या तोंडात भात होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "भातात मीठ न्हाय म्हनाले."

"पिंडात मीठ घालत न्हाईत," जयाबाई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. ऐकवत नाही असं ते हसू होतं. गुणाबाई हसली, नागोजी हसला, आणि हसता हसता तिघंही जमिनीवर बसून रडू लागली. मग जयाबाईनं मीठ घालून भात रांधला आणि ती जेवली.

ती फसली असं समजू नका, मित्रांनो. तो नागोजी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरं जग इतकं वाईट झालं होतं की तिनं खोट्याचा हात धरला. पोरगी जगली. ती पोरगी म्हणजे आजची मनुबाई.

नागोजी नाही जगला. त्याच आठवड्यात गुणाबाईच्या गोठ्यात त्याला ताप भरला. तापात तो सूर्याला दंड करत होता. त्याच्या मागं पिंड ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून जयाबाईनंच ठेवला. ओढ्याकाठी चार माणसं जमली. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली उतरेना. उन्हं चढली. भटजी दर्भ शोधायला वाकले.

तेव्हा जयाबाईनं मला अंगावर घेतलं. विधवा बाई, भर दिवसा, चार माणसांत, पुरुषाचा कोट. मी तिला फार मोठा होत होतो. तिनं माझी टोकं धरून पसरली आणि "काव" म्हणाली. तिला ते नीट जमलंसुद्धा नाही. मग ती वाकली आणि तिनं नागोजीचा घास तोंडात घेतला. तो तिला गिळवत नव्हता. तिच्या पाठीला बसणारे हुंदके माझ्या अस्तराला लागत होते.

मित्रांनो, त्या वेळी तिला कुणी हसलं नाही आणि कुणी अडवलं नाही. भटजींनीसुद्धा हातातला दर्भ खाली ठेवला. दुःखानं कुणी वेड्यासारखं वागताना दिसलं, तर तुम्हीही तेवढंच करा.