चाळीस सांगितली, वीस लिहिली

मावळातल्या गुलाबवाल्यांना खरं बोलायचं वावडं आहे. मी स्वतः कुसगावची, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. लोणावळ्यात मी ज्या एजन्सीत काम करते, ती इथले गुलाब विमानानं हॉलंडला पाठवते. व्हॅलेंटाइनसाठी विमानातली जागा डिसेंबरातच धरावी लागते, तेव्हा झाडाला कळीसुद्धा नसते. जागा रिकामी गेली तरी भाडं सुटत नाही. म्हणून मी सगळ्यांना फोन करून विचारते, किती खोकी? पन्नास निघणार असतील तर माणूस बिनदिक्कत शंभर सांगतो. का, तर म्हणे ही समीक्षा, म्हणजे मी, अर्धी कापते. आणि मी का कापते, तर हे दुप्पट सांगतात. घ्या!

गेल्या डिसेंबरात नथूकाकांनी, माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, चाळीस सांगितली. हॉलंडच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना पहिल्यांदाच थेट मागणी दिली होती. चाळीस पुरी पोचली तर कायमचं गिऱ्हाईक, नाहीतर रामराम. हे सगळं काकांनी मला नीट समजावलं. मी हं हं म्हटलं आणि यादीत वीस लिहिली. मेली हाताची सवय!

फेब्रुवारीत काका टेम्पो घेऊन दारात हजर. चाळीस खोकी, एक कमी नाही.

मी मुंबईला फोनावर फोन केले, दुसऱ्या एजन्सीवाल्यांच्या हातापाया पडले. कुणाकडेच जागा नव्हती. दुप्पट सांगणाऱ्यांचा माल मात्र बरोब्बर बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशी देणारी मी.

"पोरी, म्या चाळीसच सांगितलीती न्हवं?"

"हो, काका. पण मला वाटलं, तुम्हीपण वाढवूनच..."

"आगं, घरच्या मान्साला कुनी खोटं सांगतं व्हय?"

मला त्यांच्याकडे बघवेना.

वीस गेली. उरलेली पुण्याच्या बाजारात मातीमोल विकली. आठवड्यात हॉलंडवाल्याची मेल आली, मागणी रद्द. मार्चमध्ये काकांनी सगळी झाडं उपटून बांधावर टाकली. काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

या डिसेंबरात पुन्हा यादी हातात आली. सगळ्यांनी नेहमीसारखी दुप्पट सांगितली. वाटलं, काकांनी परत रोपं लावली असतील. वेडी आशा. फोन लावला.

"काका, यंदा किती धरू?"



"शून्य लिव," ते म्हणाले. "आन् कर त्याचं बी अर्धं."