चार नंबरचं लाल बटन

कॉम्प्युटरच्या पडद्याला हळदकुंकू लावलेलं आसियानं पहिल्यांदाच पाहिलं. तेही नेमकं चार नंबरच्या बटनावर. खाली कीबोर्डच्या कडेला उदबत्तीची राख. तिला हसूच फुटणार होतं, पण मॅनेजर आबासाहेबांचं उतरलेलं तोंड बघून तिनं ते गिळलं.

"म्याडम, चारला कुलूप हाय. तरी दुपारचं बटन लाल व्हतंय. म्हंजे आत कोणतरी हाय. कोण, ते हितं समद्यांना ठावं हाय."

ठावं आसियालाही होतं. कळसजवळच्या या डाळिंबाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेल्या हंगामात सर्जेराव नावाचा कामगार चार नंबरच्या खोलीत क्रेट लावताना छातीत कळ येऊन पडला, तो तिथंच गेला. आत माणूस आहे याचा बाहेर कुणाला पत्ताच नव्हता. खोली तेव्हापासून बंद. मग मालकाला जाग आली, आणि त्यानं बारामतीच्या आसियाकडून हा पडदा करून घेतला. दर खोलीला एक बटन. आत माणूस असला की लाल, खोली रिकामी असली की हिरवं. सगळ्या बटनांना साचा एकच. रंगरूप एकदा लिहून ठेवायचं आणि प्रत्येक बटन आपापल्या खोलीच्या सेन्सरशी बांधायचं, म्हणजे सेन्सर सांगेल तसा रंग आपोआप बदलतो. यंदा सातवी खोली वाढली, तेव्हा तिनं बारामतीत बसल्या बसल्या तोच साचा वापरून सातवं बटन जोडून दिलं. बघायला यायचीसुद्धा गरज वाटली नाही! आणि आता त्याच साच्यात भूत शिरलं म्हणतात. आसिया चिडूनच आली होती.

दारात कोणीतरी घुटमळत होतं. सर्जेरावांची बायको संजीवनी. नवऱ्यामागं ती इथंच डाळिंबं निवडायला लागली होती.

"ताई, एक इचारू? समद्यांना दिसत्यात. आबासाहेबांना दिसत्यात, वॉचमनला दिसत्यात. मलाच का दिसत न्हाईत? मी येऊन बघते तवर बटन हिरवंगार. मला सांगितल्याबिगर कधी उंबरा वलांडला न्हाय त्यांनी. आन् आता माझ्यापसनंच तोंड चुकवत्यात व्हय?"

"मावशी, यंत्र आहे ते. बिघडलं असेल."

"मग बिघडलेलं बी मला एकदा बघू द्या की," ती म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

जेवणाची सुट्टी झाली. कामगार लिंबाखाली डबे सोडून बसले. आसिया वायरींची यादी मनाशी जुळवत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत चार नंबर लाल झाला. ना आवाज, ना काही. कुंकवाच्या बोटाखाली नुसता लाल चौकोन.

"या अल्ला!" तिच्या तोंडून निघालं. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, त्या घडीला तिचाही विश्वास बसला होता.

आबासाहेबांनी चपला काढल्या, उदबत्ती पेटवली आणि फोनवर वॉचमनला दरडावलं, "चारकडं फिरकू नगंस. सातमधी आज माल भरलाय, तिला कडी घाल. हिरवं दावतंय, आत कोण माणूस न्हाय."

आसियानं प्रोग्रॅम उघडला. तास-दीड तास एकेका खोलीची माहिती तपासत गेली आणि सातवर येऊन थबकली. सातकडून काहीच येत नव्हतं. आजच नव्हे, पहिल्या दिवसापासून. मग ते बटन हिरवं कसं? कारण साच्यात तिनंच लिहून ठेवलं होतं, की माहिती आली नाही तर हिरवं दाखव. दिसायला बरं दिसतं म्हणून! एवढी हुशार पोरगी, पण काही ठाऊक नसणं आणि खोली रिकामी असणं हे तिनं एकाच रंगात रंगवून टाकलं होतं.

"आबासाहेब, सातला सेन्सर कुठला बसवलाय?"

"नवा कशाला? चारचा रिकामाच पडला हुता. वायरमननं त्योच काढून लावला. का वो?"

आसिया खुर्ची पाडून उठली. "सातची कडी काढा! आत माणूस आहे! सात नंबर चारच्या नावानं बोलतोय, कडी काढा आधी!"

जाड दार उघडलं तेव्हा उंबऱ्याशीच संजीवनी पडलेली होती. ओठ काळेनिळे, दार बडवून बडवून बोटांची सालटी निघालेली. आत पंख्यांचा घोंगावा एवढा, की तिची हाक तिला स्वतःला तरी ऐकू गेली असेल का! तिला उन्हात आणलं, गोणपाटं पांघरली, हातपाय चोळले. इंदापूरहून डॉक्टर येईस्तोवर ती चहाचा घोट घेण्याइतकी सावरली.

"चारला कुलूप. म्हनून सुट्टीत सातमधी जाऊन बसायची," ती म्हणाली. "शेजारी तरी. आज माल भरला, तरी पाय तिकडंच वळलं. मी क्रेटांमागं हुते."

आसियाला रडू आवरेना. "मावशी, ते लाल व्हायचं ना, ते तुम्ही आत बसलात की व्हायचं."

संजीवनीनं चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे ती मीच? म्हनून मला दिसायचं न्हाय?"

"हो."

आसिया दुरुस्तीला बसली. माहिती नसेल तिथं आता राखाडी रंग, आणि सेन्सर सातच्या नावावर. शेवटचं बटन दाबणार, तोच मागून आवाज आला.

"ताई, नीट करायच्या आदी मला एकदा दावा. ते न्हाईत, म्हाईत हाय मला. तरी बी दावा."

दाखवायचा रस्ता एकच होता. आसियानं संजीवनीला पडद्यासमोर बसवलं, पंखे बंद करायला लावून आबासाहेबांना दार धरून उभं केलं आणि सुती ड्रेसवर स्वतः सातमध्ये शिरली. गारठा हाडात शिरायला लागला. ऑफिस बोळाच्या तोंडाशीच होतं. तिकडं चार नंबर लाल झाला असणार. मग संजीवनीचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा.

"अवो, आला व्हय?"

पुढं ती बोलतच राहिली. म्हैस व्याली, पोरीला स्थळ आलंय, तुमचा सदरा अजून खुंटीलाच हाय.

आसियाचे दात वाजायला लागले. आबासाहेबांनी डोळे पुसत आत डोकावून म्हटलं, "म्याडम, बास. या भाईर."

"थांबा," आसिया म्हणाली. "त्यांचं बोलणं होऊ द्या."