नांदगावच्या शिवारात पडलेलं विमान

लढाई संपल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात अकोल्याच्या नत्थुजी भंगारवाल्यानं सरकारी लिलावात एक विमान उचललं, आणि अर्धा बाजार ते पाहायला लोटला. एक पंख मोडलेला, नाक चेपलेलं, पिवळा रंग जागोजागी उडालेला. पण शेवटी विमान ते विमान. नत्थुजीला गिऱ्हाईकही चालून आलं होतं. कुठल्याशा संस्थानिकाला ते आपल्या बागेत उभं करायचं होतं. त्याची अट एकच होती. हे विमान कुठं उडालं, कसं पडलं, याची हकीकत सोबत हवी.

वरूडचे भगवंतराव संत्री विकायला अकोल्याला आले होते. तेही विमान पाहायला गेले आणि गर्दी ओसरली तरी तिथंच उभे राहिले. त्यांचा धाकटा भाऊ सहदेव हवाई दलात फिटर होता. लढाईत तो विमान कोसळूनच गेला होता. त्यांनी मागच्या माणसाच्या आसनावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा उचलला.

"भाऊ, हे नांदगाव खंडेश्वराच्या शिवारात पडलं होतं मनतात," नत्थुजी म्हणाला. "तुमी अमरावतीवरूनच जाता. जरा पुसून या ना. तुमच्या भावाचं कामच हे होतं, तुमाले समजन."

भगवंतराव नाही म्हणू शकले नाहीत.

अमरावतीला ते नेहमीप्रमाणे शेषरावांकडे उतरले. शेषराव म्हणजे त्यांच्या बायकोचा, वच्छलेचा सख्खा भाऊ. लढाईत अकोल्याजवळ विमानांची धावपट्टी झाली, तिथं पेट्रोल पुरवायचा ठेका त्यांनी घेतला होता. त्यातून वर आलेला माणूस, पण पाहुण्याला जीव लावणारा. सहदेव गेल्याची तार आली तेव्हा तिच्यात अपघाती मृत्यू एवढंच होतं. घरात कुणाला काही सुचत नव्हतं, तेव्हा शेषरावच साहेबलोकांकडे खेटे घालून सगळी माहिती घेऊन आले होते. आसामच्या डोंगरात, धुक्यात विमान आदळलं. देह हाती लागला नाही. सोबतच्या शिपायांनी डोंगराकडे तोंड करून सलामी दिली. भगवंतरावांची आई, पार्बताबाई, शेषराव आले की त्यांना जवळ बसवून घ्यायची. "सांग रे बाप्पा, कसं झालं ते," म्हणायची. शेषराव दर वेळी सांगायचे. मागच्या वर्षी ती गेली, ती आसामचं नाव घेतच गेली.

जेवताना भगवंतरावांनी विमानाचा विषय काढला. शेषरावांचा घास हातातच राहिला.

"कोनत्या शिवारातलं म्हनलं?"

"नांदगाव खंडेश्वर."

"कायले जाता भाऊजी त्या खटाटोपात? लिहून द्या, बर्म्यात लढलं मनून. कोन पाहाले जाते?"

"गिऱ्हाइकानं खरी हकीकत मांगतली हाय."

"खरं अन् खोटं! भंगार हाय ते," शेषराव चिडून म्हणाले आणि पानावरून उठले. भगवंतरावांना नवल वाटलं, पण ठेकेदार माणूस, असेल काही चिंता, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

नांदगावात विमानाचं शेत कुणीही दाखवलं. मनकर्णाबाईच्या तुरीच्या वावरात ते पडलं होतं. बाई पन्नाशीची, शेंगा तोडत होती. भगवंतरावांनी रामराम केला आणि नाव-गाव सांगितलं.

तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"वरूडचे भगवंतराव? सहदेवचे भाऊ?"

भगवंतरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आता आले जी तुमी?" बाई म्हणाली. "दोन वर्सं मी रस्ता पाहून राहिली. आज येतीन, उद्या येतीन. एवढी कशी मानसं कठोर, असं मनत होती."

भगवंतराव बांधावरच बसले. बाईनं त्यांना पाणी दिलं आणि मग सगळं सांगितलं. विमान घरघरत आलं, धूर सोडत वावरात शिरलं. गोरा चालवणारा जागच्या जागी संपला होता. मागच्याला तिच्या नवऱ्यानं ओढून काढलं. पोटात मार होता. त्याला झोपडीत निजवलं. तो वऱ्हाडी बोलला तेव्हा गावातल्या बाया रडायला लागल्या. संध्याकाळपर्यंत तो शुद्धीवर होता.

"काय बोलला?"

"मनला, पेट्रोलात रॉकेल होतं. अकोल्याले टाकी भरताना त्याले वास आला होता. त्यानं इचारलं बी. पन भरनारा त्याच्या वयनीचा भाऊ होता. त्यानं बहिनीची शपथ घेतली. मनून म्या इश्वास ठेवला, असं मनला. तुमची आठोन काढली. मायले सांगा, मनला, मी घराजवळच हाओ."

गावानं त्याला तिथंच, वावराच्या कडेला अग्नी दिला होता. दुसऱ्या दिवशी लष्कराची गाडी आली. तिच्यात एक धोतर-कोटवाला होता.

"तो मनला, मी याचा सोयरा हाओ. घरी मीच सांगतो, तुमी कोनाजवळ बोलू नोका, लढाईचे दिवस हायत. लय रडला तो. आमाले खरंच वाटलं."

भगवंतराव त्या कडेला जाऊन उभे राहिले. काळ्या मातीत आता तूर वाऱ्यावर हलत होती. वरूड तिथून एका दिवसाच्या वाटेवर. दहाव्याला येता आलं असतं. आईला आणता आलं असतं. ती डोंगरांची नावं पाठ करत मेली.

अमरावतीला ते परत शेषरावांच्या दारात गेले, पण उंबऱ्याच्या आत गेले नाहीत.

"मनकर्णाबाई भेटली," ते म्हणाले.

शेषरावांनी दार ओढून घेतलं आणि ओट्यावर आले. "भाऊजी, ऐका. साऱ्याच ठेक्यात थोडंफार होत होतं. पेट्रोल बाहेर इकलं की पिंप भरून दाखवाच लागे. आधी कधी काई झालं नव्हतं. मले का मालूम..."

"त्यानं तुले पुसलं होतं, शेषराव."

शेषरावांनी मागं वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"रॉकेलाचं मी एक वेळ समजून घेतलं असतं. लोभ झाला मनलो असतो. पन आसाम? माझ्या मायच्या पुढ्यात बसून तू डोंगर सांगत होता. धुकं सांगत होता. सलामी सांगत होता. ते कोनी सांगाले लावलं होतं तुले?"

"मायचं समाधान होत होतं, भाऊजी..."

भगवंतराव वळले आणि चालू लागले.

घरी त्यांनी वच्छलेला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "माझी शपथ घेतली होती?" ते हो म्हणाले. ती उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही.

भगवंतरावांनी पोलिसांत अर्ज दिला. तिथला अंमलदार म्हणाला, लढाई संपली, धावपट्टी ओस पडली, गोरे साहेब विलायतेला गेले, आता साक्ष कोणाची काढता? नत्थुजीला त्यांनी खरी हकीकत जशीच्या तशी सांगितली. तो ओशाळला. म्हणाला, "भाऊ, हे गिऱ्हाइकाले सांगू कसं?" महिनाभरानं विमान बर्म्याच्या लढाईतलं म्हणून विकलं गेलं. शेषरावांचा धंदा वाढतच राहिला.

संक्रांतीआधी वच्छला नवऱ्यासोबत नांदगावला गेली. मनकर्णाबाईच्या वावराच्या कडेला दोघांनी सहदेवासाठी पान वाढलं. वच्छलेनं घास ठेवला.

"भाऊजी," ती दिराला उद्देशून म्हणाली, "माझ्या नावावर तुमी इश्वास ठेवला."

मनकर्णाबाईनं तिला जवळ ओढून घेतलं.

माहेरची पायरी वच्छला त्यानंतर कधी चढली नाही.