एकदाच विचारणारं डबडं

सयाजीआप्पांना त्या डबड्याचा राग पहिल्याच दिवशी आला, आणि आप्पांचा राग म्हणजे काही गूळ नव्हे, पाण्यात टाकला की विरघळायला.

कळंब्याच्या वृद्धाश्रमात ते यंत्र आणलं पद्मजा नावाच्या इंजिनिअर पोरीनं. तिनंच ते बनवलेलं. पोटातल्या कप्प्यात ताट घेऊन ते चाकांवर सरकत खाटेपाशी यायचं आणि मधाळ आवाजात विचारायचं, "आजोबा, जेवणार का?"

आप्पा म्हणायचे, "नको."

झालं. "ठीक आहे" म्हणून डबडं ताटासकट पुढच्या खाटेकडं.

आता पेठ वडगावात जन्म काढलेला माणूस पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणेल होय? हावरट दिसतं ते. पहिलं 'नको' रीतीचं, दुसऱ्यांदा विचारलं की 'बरं, घासभर वाढा', आणि तिसऱ्यांदा पोटभर. शेंबड्या पोरालाही कळतं हे. वाढायला झुंबरबाई होती तोवर ती दरडावायची, "गप जेवा आप्पा, नाटकं करू नगा," आणि आप्पा दोन भाकरी उडवायचे. यंत्र आलं आणि झुंबरबाईला धुण्याच्या कामाला लावलं. बाकीची म्हातारी मंडळी दोन दिवसांत लाज गुंडाळून ठेवून 'दे' म्हणायला शिकली. आप्पा शिकले नाहीत. डबड्यापुढं तोंड वेंगाडायचं? शेजारचे यज्ञेश्वर मास्तर आपल्यातली अर्धी भाकरी गुपचूप सारायचे, तेवढ्यावर भागत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी व्यवस्थापक विजयसिंह पद्मजाला घेऊन आले. "आप्पा, सहा जेवणं नाकारलीत तुम्ही. यंत्रात नोंद आहे. उद्या तुम्हाला खालच्या वॉर्डात हलवतोय. नाकातून नळी घालावी लागेल."

खालच्या वॉर्डात गेलेला माणूस जिना चढून परत आलेला कुणी पाहिला नव्हता.

"आरं, मला भूक हाय की! ते दुसऱ्यांदा इचारतच न्हाय, त्याला मी काय करू?"

"मुद्दामच विचारत नाही," पद्मजा म्हणाली. "एका आश्रमात आग्रहानं भरवताना एका आजींना ठसका लागला आणि त्या गेल्या. माझं यंत्र माणसाच्या शब्दाला मान देतं. नको म्हणजे नको."

"तू कुठली गं?"

"इथलीच. शाहूपुरीतली."

"मग तुझ्या घरात पावण्यांस्नी एकदाच इचारून हाकलत्यात व्हय?"

पोरगी लाल झाली.

विजयसिंह वैतागले. "भांडू नका. उद्या अकराला पुण्याची मंडळी यंत्र बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर तुम्हाला विचारेल ते. 'हो' म्हणा, जेवा, इथंच राहा. नाही म्हणालात तर मात्र माझा नाइलाज आहे."

सकाळपासून आप्पा मनाशी घोकत होते. दे म्हणायचं. दे. लाज गेली चुलीत.

अकराला मंडळी आली. पाच जण, इस्त्रीचे कपडे, हातात वह्या. यंत्र सरकत आलं, झाकण उघडलं आणि आमटीचा वास थेट आप्पांच्या आतड्यापर्यंत गेला. पाचही अनोळखी माणसं खाटेभोवती उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. बिचारी उपाशी आली असतील, वाटेत काही खाल्लं असेल की नाही कुणास ठाऊक.

"आजोबा, जेवणार का?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वळण. तोंड आप्पांच्या आधी बोलून मोकळं झालं.

"नको, नको. आधी पावण्यांस्नी वाढा."

"ठीक आहे," यंत्र म्हणालं. झाकण बंद झालं.

आप्पांनी पद्मजाकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, तोंडावरच दिसत होतं तिच्या. तिच्या आईनं पाहुण्यांना हजार वेळा म्हटलं असेल ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. 'घ्या की आप्पा', एवढंच. मग तिनं पाहुण्यांकडं पाहिलं.

"बघा," ती म्हणाली, "जबरदस्ती अजिबात नाही."

पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि वह्यांत लिहून घेतलं. आप्पांनी तिला अशी शिवी हासडली की मास्तरांनी कानांवर हात ठेवले. विजयसिंहांनी खिशातून फोन काढला आणि खालच्या वॉर्डात एक खाट तयार ठेवायला सांगितली.