भरावावरचा कोपरा

शाळेच्या नकाशासंग्रहासाठी मी ‘जगातल्या पाणथळ जागा’ हे पान घरीच बसून करत होते. निळे ठिपके कुठं नव्हते! उत्तरेच्या गोठलेल्या माळांवर, नद्यांच्या मुखाशी, किनाऱ्याच्या खारफुटीत, तळ्यांच्या काठांवर. दक्षिण टोकाचा बर्फाळ खंड तेवढा कोरा. खाली मजकूर: या जागा पुराचं पाणी पोटात घेतात, गाळून देतात, माशांची पिल्लं वाढवतात, लांबच्या पाखरांना उतरायला जागा देतात.

बाद झालेल्या पानांच्या घड्या मी माझ्या लेकीच्या, छोटीच्या पलंगाच्या एका पायाखाली सारत होते. पलंग कोपऱ्याकडे कलायचा. महिन्याभरातली ही चौथी घडी.

“बाबा, फरशी खचतेय,” मी सासऱ्यांना म्हटलं.

“सूनबाई, जगभरची दलदल शोधता शोधता आता घरातही दिसायला लागली होय? तुला काय, मांजर शिंकलं तरी डॉक्टर लागतो!”

खोटं नव्हतं ते. पण भित्र्या माणसाला दिसतंही जास्त. बाबा त्या कोपऱ्यावर कधी पाय देत नसत. तिथली खिडकी लावायची तर भिंतीला घासून जात. आणि दरवर्षी याच दिवसांत आमच्या गच्चीवर लांब पायांची पाखरं उतरत. काही टिपत नसत. माना खाली घालून नुसती स्लॅबकडे बघत उभी राहत.

त्या दुपारी छोटी झोपली होती. पलंगाखालून बुडबुडा फुटल्यासारखा आवाज आला. मी घड्या ओढून काढल्या. सगळ्यात खालची भिजून लगदा झालेली, निळे ठिपके एकमेकांत पसरलेले. पाऊस होऊन चार महिने झाले होते.

मी ती घडी बाबांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला, आणि चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

“डोह होता इथं,” ते म्हणाले. “टिपर माझाच होता. दिवसभर दगडमाती ओतायची, सकाळी यावं तर पाणी पुन्हा वर. एकोणीस दिवस. पाखरं घरट्यांवरनं उठेनात. हॉर्न दिला मी. खूप वेळ दिला गं.”

“आणि तिथंच घर बांधलंत?”

“वाटलं, मेलंय ते पाणी.”

मी छोटीला उचललं, ताईला फोन केला, कपडे पिशवीत कोंबले. बाबांनी पलंग ओढून बाहेर काढला. मग आपली गादी आणली आणि त्याच कोपऱ्यात अंथरली.

“बाबा, हे काय? चला ना आमच्याबरोबर.”

“लेकराला ने तू. भराव मी टाकलाय. कुणीतरी इथं असायला हवं.”

“वेड्यासारखं काय बोलताय!”

ते आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. फरशी वरून कोरडी ठणठणीत होती. तरी त्यांनी पाय हळूहळू पोटाशी ओढून घेतले, पाणी चढायला लागल्यावर माणूस घेतो तसे.