शिंप्याचा पतंग

माझी ताई शाळेत इतिहास शिकवते, म्हणजे घरीही शिकवतेच. रविवारी तिला पतंग करायची हुक्की आली. झाडूचे हीर, आईनं शिजवलेली खळ आणि कपडे बेतायचा माझा कागद. मी पडलो शिंपी. सवयीनं कडेला अर्धा इंच शिलाईसाठी जादा सोडला.

"अरे, याला अस्तर लावणार आहेस का?" ताई हसली.

गच्चीवर पतंग नुसता गोते खात होता. "शेपूट हवं," ताई म्हणाली. आता खाली कोण उतरणार? मी गळ्यातली टेप काढून बांधली आणि स्वारी जी चढली! ताईलाही चेव आला. "पूर्वी म्हणे पतंग उडवून शत्रूच्या महालापर्यंतचं अंतर मोजायचे." तेवढ्यात दोरा तुटला आणि पतंग टेपेसकट पसार.

सोमवारी दुकानाच्या दारात मला शिवण शिकवलेले माझे जुने मास्तर उभे. मी त्यांच्या मागच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हापासून तीन वर्षं त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांनी टेप माझ्या गळ्यात घातली.

"माझीच हे कसं ओळखलंत?"

"पतंगालाही अर्धा इंच शिलाई सोडणारं गाढव मी एकच घडवलंय. चहा सांग."